पेंड कच्ची की करपलेली? उष्णतेचा प्रथिनांच्या पचनीयतेवर होणारा परिणाम कसा तपासावा

सोयाबीन पेंडीच्या दोन खेपा आल्या आहेत. दोन्हींच्या अहवालावर क्रूड प्रोटीन ४६ टक्के. एका पेंडीवर वाढवलेली कोंबडीची पिल्ले वेळेत वजन धरतात, दुसरीवरची मागे पडतात. खाद्य मात्र जवळपास तेवढेच संपते. अहवाल खोटा नसतो. आपल्याला जे विचारायचे होते ते त्यात मोजलेलेच नसते.

क्रूड प्रोटीन म्हणजे नमुन्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणल्यावर येणारा आकडा. पेंड कच्ची असो, नीट शिजलेली असो किंवा काळी पडेपर्यंत भाजलेली असो, नायट्रोजन जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतो तो प्रथिनांचा आकार, त्यांचे एकमेकांशी आणि साखरेशी जुळलेले बंध, आणि त्यामुळे जनावराच्या आतड्यात त्यांचे काय होते ते. म्हणून खाद्याच्या कामात नव्याने आलेल्याने प्रोटीनचा आकडा वाचला की पाठोपाठ विचारावे: हा माल किती तापला होता, किती वेळ, आणि ओलसर असताना की कोरडा?

पहिली पायरी: उष्णतेने काय सुधारते आणि काय बिघडते

कच्चे सोयाबीन प्राण्यांना मानवत नाही हे जुने ज्ञान आहे. १९१७ मध्ये थॉमस ऑसबोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी दाखवले की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, तेच सोयाबीन शिजवून दिले की वाढतात. याचे मुख्य कारण ट्रिप्सिन रोधक. ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे पाचकद्रव्य स्वादुपिंडातून येते. हे रोधक त्याला घट्ट चिकटतात आणि निकामी करतात. मग शरीर आणखी ट्रिप्सिन तयार करते, पिल्लांचे आणि उंदरांचे स्वादुपिंड सुजल्यासारखे मोठे होते. या पाचकद्रव्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात आणि ती विष्ठेतून वाया जातात. सोयाबीनमध्ये मुळातच मेथिओनिन आणि सिस्टीन कमी, त्यात ही गळती.

सोयाबीनमध्ये हे रोधक प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. कुनिट्झ रोधक आकाराने मोठा आणि उष्णतेला तुलनेने लवकर शरण जाणारा. बोमन-बर्क रोधक लहान, पण गंधकाच्या सात बंधांनी आवळलेला, त्यामुळे चिवट. दोघांनाही कोरड्या उष्णतेपेक्षा वाफेची उष्णता लवकर मोडते. लेक्टिन नावाची, आतड्याच्या अस्तराला चिकटणारी प्रथिनेही याच टप्प्यावर निष्क्रिय होतात. शिवाय घट्ट गुंडाळलेली प्रथिने उलगडतात आणि पाचकद्रव्यांना आत शिरायला जागा मिळते. इथपर्यंत उष्णता आपल्या बाजूने असते.

याच्या पुढे गेलो की मैलार्ड अभिक्रिया जोर धरते. लुई-कामिय मैलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती प्रथम मांडली. लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकाला एक मोकळा अमिनो गट असतो. प्रथिनाच्या साखळीत अडकूनही तो बाहेर डोकावत राहतो, आणि ग्लुकोजसारखी साखर त्यालाच पकडते. सुरुवातीच्या टप्प्यात रंगसुद्धा बदलत नाही, पण ते लायसिन जनावराच्या कामाचे उरत नाही. पुढे तपकिरी रंग चढतो, लायसिन कायमचे नष्ट होते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पाचकद्रव्यांना तोडायला जागाच सापडत नाही. सोयाबीन पेंडीत सर्वांत मोठी हानी लायसिनची होते. त्याखालोखाल सिस्टीनची. मेथिओनिन बऱ्यापैकी टिकते.

पाचही बोटे सारखी नसतात तसे सगळे कच्चे मालही नसतात. कुठे साखर भरपूर, कुठे नावाला. त्यामुळे सोयाबीनचे नियम डोळे झाकून मासळीच्या भुकटीला लावू नयेत. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी पायरी: माल कसा तयार झाला ते विचारा

विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात: तापमान, वेळ, ओलावा आणि यंत्राचा प्रकार. नुसते तापमान ऐकून काहीच ठरत नाही. एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे माल दाबून छिद्रातून ढकलणाऱ्या यंत्रात, १३०-१४० अंश सेल्सिअस काही सेकंदच टिकतात. टोस्टरमध्ये १०५ अंशांच्या आसपासची वाफ पंधरा ते तीस मिनिटे लागते. सोयाबीनसाठी दोन्ही योग्य ठरू शकतात.

द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत हेक्झेन उडवून लावण्यासाठी आणि रोधक मारण्यासाठी वाफ सोडतात, म्हणजे ओलावा आपोआप मिळतो आणि प्रक्रिया त्यातल्या त्यात एकसारखी होते. घाण्याच्या म्हणजे एक्स्पेलरच्या पेंडीत उष्णता घर्षणातून येते. यंत्राची झीज, बियांचा ओलावा, माल भरण्याचा वेग यांनुसार ती दिवसागणिक बदलते. अख्खे सोयाबीन भाजून घेतले असेल तर जास्त सावध राहावे: दाणा बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा निघण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

तिसरी पायरी: डोळे आणि नाक

चांगली सोयाबीन पेंड फिकट सोनेरी ते फिकट तपकिरी दिसते. फार पांढरट, हिरवट वासाची असेल तर कच्चेपणाचा संशय घ्यावा. गडद तपकिरी आणि जळकट वासाची असेल तर करपल्याचा. दोन्ही नमुने सारख्याच बारीकीने दळल्याशिवाय रंगाची तुलना करू नये, कारण जाड भरड नेहमी गडद दिसते.

रंगावर मी फार भरवसा ठेवत नाही. एकाच कारखान्याच्या खेपांची आपसांत तुलना करायला तो चांगला, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या मालात बियांचा वाण, टरफलाचे प्रमाण आणि साठवणूक यांचाही रंग मिसळलेला असतो. आणि मैलार्डचा पहिला टप्पा बिनरंगी असतो हे विसरू नये.

चौथी पायरी: युरिएज चाचणी

ट्रिप्सिन रोधक थेट मोजणे खर्चिक आणि वेळखाऊ. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे एक विकर असते. ते स्वतः पिल्लांना फारसे त्रासदायक नाही, पण साधारण त्याच उष्णतेला नष्ट होते ज्याला रोधक नष्ट होतात. म्हणून ते खूण म्हणून वापरतात.

प्रयोगशाळेत ०.२ ग्रॅम नमुना युरिया मिसळलेल्या ७.० पीएचच्या द्रावणात ३० अंशांवर ३० मिनिटे ठेवतात आणि पीएच किती वाढला ते पाहतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ही वाढ २ च्या आसपास जाते. नीट शिजलेल्या पेंडीसाठी ०.०५ ते ०.२० हा रूढ पट्टा आहे.

गोदामातच करायची सोपी पद्धतही आहे. युरिया आणि फिनॉल रेड (पीएचनुसार रंग बदलणारे द्रव्य) यांचे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात करून, सौम्य आम्लाचे थेंब टाकत ते पिवळट-नारिंगी रंगावर आणून ठेवतात. उथळ काचपात्रात पेंडीचा पातळ थर पसरायचा, द्रावणाने भिजवायचा आणि पाच मिनिटे थांबायचे. जिथे युरिएज जिवंत आहे तिथे युरियापासून अमोनिया सुटतो, पीएच वाढतो आणि कणांभोवती लाल ठिपके उमटतात. थोडे विखुरलेले ठिपके दिसले तर माल ठीक. निम्म्याहून अधिक पृष्ठभाग लाल झाला तर तो कमी शिजलेला. एकही ठिपका न दिसल्यास अर्धा तास थांबावे, तरीही काही उमटले नाही तर पेंड जास्त तापलेली असू शकते.

असू शकते, एवढेच. युरिएज शून्य झाले की ही चाचणी मुकी होते. युरिएज नुकतेच संपेपर्यंत शिजलेली पेंड आणि त्यानंतर आणखी तासभर भाजलेली पेंड, दोन्हींचा आकडा शून्यच येतो. नवी माणसे इथे हमखास फसतात: युरिएज शून्य म्हणजे उत्तम, असे समजून माल उतरवून घेतात.

पाचवी पायरी: केओएच विद्राव्यता

करपलेपणा ओळखण्यासाठी दुसऱ्या बाजूची चाचणी लागते. ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पेंडीतले किती प्रथिन विरघळते हे यात पाहतात. १.५ ग्रॅम बारीक दळलेला नमुना ७५ मिली द्रावणात २० मिनिटे ढवळायचा, गाळ वेगळा करायचा, वरच्या द्रवातला नायट्रोजन मोजायचा आणि एकूण नायट्रोजनशी त्याची टक्केवारी काढायची.

कच्च्या सोयाबीनमधले जवळजवळ सगळे प्रथिन विरघळते. उष्णता वाढत जाईल तशी विद्राव्यता उतरते. सोयाबीन पेंडीसाठी ७८ ते ८५ टक्के हा पट्टा सर्वसाधारणपणे चांगला मानतात; ७० च्या खाली गेल्यास माल जास्त तापलेला धरावा, ९० च्या वर असल्यास कच्चेपणाची शंका घ्यावी. दळण जितके बारीक तितका आकडा वर जातो, त्यामुळे चाळणीचा आकार आणि ढवळण्याचा वेळ दर वेळी तोच हवा. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर आधी दळणाची चौकशी करावी, मग रसायनाची.

दोन्ही चाचण्या एकत्र वाचण्यात खरी मजा आहे. युरिएज ०.१ आणि केओएच ८२: काळजी नाही. युरिएज ०.५ आणि केओएच ९१: कच्ची. युरिएज शून्य आणि केओएच ६६: करपलेली. पण युरिएज ०.४ आणि केओएच ७२ असे परस्परविरोधी उत्तर आले तर? बहुतेक वेळा तो मिश्र माल असतो: थोडा कच्चा, थोडा जळालेला, एकत्र करून पोत्यात भरलेला किंवा असमान भाजलेला. सरासरी आकडा अशा मालाला सहज झाकतो. निम्मा कच्चा आणि निम्मा करपलेला माल मिसळला तर केओएच आरामात ८० दाखवेल. पिल्लू मात्र सरासरी खात नाही. त्याला रोधकही मिळतात आणि मेलेले लायसिनही. काचपात्रातली ठिपक्यांची चाचणी इथे उपयोगी पडते, कारण तीत कण सुटे दिसतात: एका जागी गर्द लाल ठिपके, शेजारी काळपट निर्जीव कण.

म्हणून नमुना एका पोत्यातून घेऊ नये. खेपेतल्या वेगवेगळ्या थरांतून, वेगवेगळ्या पोत्यांतून घ्यावा, आणि मिसळण्यापूर्वी दोन-तीन सुटे नमुनेही ठिपक्यांच्या चाचणीला लावावेत.

सहावी पायरी: लायसिनचे क्रूड प्रोटीनशी प्रमाण

अमिनो आम्लांचा अहवाल मिळत असेल तर एक साधा भागाकार करून बघा: लायसिनला क्रूड प्रोटीनने भागून शंभराने गुणायचे. सोयाबीन पेंडीत ४६ टक्के प्रोटीन आणि २.८५ टक्के लायसिन असेल तर प्रमाण ६.२ येते, हे निरोगी आहे. तेवढ्याच प्रोटीनवर लायसिन २.६० आले तर प्रमाण ५.७ च्या खाली घसरते आणि त्यामागे बहुधा उष्णताच असते. मक्याच्या डीडीजीएससाठी, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या वाळवलेल्या चोथ्यासाठी, २.८ ही सीमा वापरतात; त्याखाली असेल तर माल जास्त तापल्याचे समजावे. डीडीजीएसमध्ये उरलेली साखर आणि दीर्घ वाळवण एकत्र येतात, म्हणून त्यातले लायसिन खेपेगणिक फार बदलते.

या अहवालातही एक खोच आहे. अमिनो आम्ले मोजताना नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर सुमारे २४ तास उकळतात. मैलार्डच्या पहिल्या टप्प्यात साखरेने पकडलेले काही लायसिन या उकळण्यात सुटून येते आणि अहवालात मोजले जाते. जनावराच्या पोटात असे उकळते आम्ल नसते. परिणामी करपलेल्या मालाचा लायसिनचा आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे अशा बांधलेल्या लायसिनचा काही भाग आतड्यातून शोषला जातो आणि वापर न होता मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणजे पचनीयतेच्या चाचणीतही तो पचला असेच दिसते. संशय असेल तेव्हा प्रयोगशाळेकडे ‘रिॲक्टिव्ह लायसिन’ मागावे. त्यात फक्त मोकळा अमिनो गट असलेले लायसिन मोजले जाते.

पचनीयतेचे आकडे वाचताना ते लहान आतड्याच्या शेवटी मोजलेले आहेत का, हे पाहावे. मोठ्या आतड्यातले जंतू उरलेली प्रथिने तोडतात, पण त्यातून सुटलेली अमिनो आम्ले जनावराच्या वाट्याला येत नाहीत. विष्ठेवरून काढलेली पचनीयता म्हणूनच दिशाभूल करते.

सातवी पायरी: इतर मालांच्या खोडी

सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असते. उष्णता दिली की मोकळे गॉसिपॉल कमी होते, पण ते जाऊन बसते लायसिनवर. विषारीपणा घटला म्हणून आनंद मानताना लायसिन गेल्याचेही लिहून ठेवावे.

पिसांची भुकटी हा उलट स्वभावाचा माल. कच्ची पिसे जवळजवळ अपचनीय असतात, कारण केराटिनमधले सिस्टीनचे बंध त्यांना आवळून धरतात. दाबाखालच्या वाफेने ते सैल करावेच लागतात. पण प्रक्रिया लांबवली तर सिस्टीनचे लँथिओनिन होते, आणि त्याचा पिल्लांना फारसा उपयोग नाही. इथे पेप्सिन (जठरातले प्रथिने तोडणारे पाचकद्रव्य) वापरून मोजलेली पचनीयता वाढत जाते आणि त्याच वेळी सिस्टीनची किंमत उतरत जाते.

पेप्सिन चाचणीबद्दल आणखी एक: प्राणिज मालासाठी ती रूढ आहे, पण ०.२ टक्के तीव्रतेचे पेप्सिन इतके जोरकस असते की चांगला आणि बेताचा माल दोन्ही नव्वदीत दिसतात. फरक पाहायचा असेल तर ०.००२ टक्के तीव्रतेने चाचणी मागावी आणि अहवालावर ती तीव्रता लिहून घ्यावी.

रक्ताच्या भुकटीत वाळवणीची पद्धत सर्व काही ठरवते. गरम भांड्यात तासन्‌तास वाळवलेल्या रक्तातले लायसिन फार कमी पचते. गरम हवेच्या झोतात क्षणात वाळवलेले उत्तम. इथे साखर नगण्य असते, तरी लायसिन इतर अमिनो आम्लांशी आडवे बंध जोडून अडकते.

मासळीची भुकटी कमी तापमानावर वाळवलेली असेल तर तिची किंमत जास्त असते आणि ती रास्तही आहे. जास्त तापवल्यास हिस्टिडिन किंवा हिस्टामिन आणि लायसिन यांच्यापासून गिझेरोसिन तयार होते. १९८३ मध्ये ओळखले गेलेले हे द्रव्य पिल्लांच्या पेषणीला व्रण पाडते. शिळ्या मासळीत हिस्टामिन आधीच वाढलेले असते, त्यामुळे शिळी मासळी आणि जास्त आच ही जोडी सर्वांत वाईट.

भुईमूग पेंडीला बुरशी लागली असेल तर तापवून ती शुद्ध होईल या भ्रमात राहू नये. बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या प्रक्रियेच्या उष्णतेला दाद देत नाही.

रवंथ करणाऱ्यांचे गणित वेगळे

गाई-म्हशींच्या कोठीपोटात जंतू प्रथिने आधीच तोडून अमोनिया करतात. बेताची उष्णता दिलेली पेंड तिथे कमी तुटते आणि पुढे आतड्यात पचते. यालाच बायपास प्रोटीन म्हणतात. म्हणून पिल्लांसाठी थोडी जास्त तापलेली पेंड दुभत्या जनावराला चालून जाते, कधीकधी फायद्याचीही ठरते. मर्यादा अशी की फार तापवले तर कोठीपोटातही तुटत नाही आणि आतड्यातही नाही. त्यासाठी आम्ल डिटर्जंटमध्ये न विरघळणारा नायट्रोजन मोजतात. तो जितका जास्त तितके प्रथिन शेणात जाणार.

कच्चे सोयाबीन आणि युरिया मात्र एकाच खाद्यात कधीही मिसळू नये. सोयाबीनमधले युरिएज युरियातून झपाट्याने अमोनिया सोडते आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. लहान वासरांचे कोठीपोट तयार झालेले नसते, त्यांना पिल्लांचेच नियम लावावेत.

आठवी पायरी: आकडे खाद्यसूत्रात उतरवा

समजा एक टन खाद्यात ३०० किलो सोयाबीन पेंड आहे आणि तिच्यात २.९ टक्के लायसिन आहे, म्हणजे एकूण ८.७ किलो. पचनीयता ९० टक्के धरली तर ७.८३ किलो पचते. माल तापलेला असून पचनीयता ८० टक्क्यांवर आली तर ६.९६ किलो. टनामागे ०.८७ किलोचा खड्डा पडला. लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये सुमारे ७८ टक्के लायसिन असते, म्हणजे तो भरायला जवळपास १.१ किलो टाकावे लागेल.

करपलेली पेंड नाकारायची की वापरायची, हे या हिशेबावर ठरवता येते. फक्त लायसिन भरून भागत नाही. सिस्टीनही घटलेले असते, त्याचीही तजवीज करावी लागते. कच्च्या पेंडीला मात्र असा उतारा नाही. रोधक खाद्यातल्या इतर प्रथिनांचे पचनही बिघडवतात, त्यामुळे ती परत पाठवणे किंवा पुन्हा वाफ देऊन घेणे एवढेच हाती उरते. दोन्हींपैकी एकच पत्करावे लागले तर कोवळ्या पिल्लांच्या खाद्यात मी कच्चीपेक्षा किंचित जास्त शिजलेली पेंड घेईन.

आपल्या स्वतःच्या गिरणीतली उष्णता शेवटी बघावी. गोळी खाद्य करताना वाफेने ७० ते ९० अंश तापमान येते, तेही थोड्या वेळापुरते. त्याने प्रथिनांचे सहसा मोठे नुकसान होत नाही आणि कच्च्या पेंडीतले रोधकही पुरेसे मरत नाहीत. गोळी करताना शिजून जाईल या आशेवर कच्ची पेंड उतरवून घेऊ नये. या टप्प्यावर धोका असतो तो मिसळलेल्या विकरांना आणि जीवनसत्त्वांना, आणि ९० अंशांच्या वर वाफ नेणाऱ्या गिरणीत तो बराच वाढतो.